एक संगणक, चार मेल आयडी

यावेळी आलेली बरीच पत्रं एकाच अडचणीची आहेत. ऑफिसात नाहीतर घरात संगणक एक, वापरणारी माणसं तीन-चार, आणि प्रत्येकाचा मेल आयडी वेगळा. ब्राउझरात सारखं लॉगिन-लॉगआउट करून कंटाळलेली मंडळी शेवटी थंडरबर्ड किंवा आउटलुकसारखा मेलचा प्रोग्राम टाकतात, चारी आयडी त्यात जोडतात, आणि आठ-पंधरा दिवसांत कुणाचं पत्र कुणाला गेलं याचा पत्ता लागेनासा होतो. अंबाजोगाईहून आसपासच्या गावांत छोट्या ऑफिसांचे संगणक लावून द्यायला मी जाते, तिथं सगळ्यात जास्त वेळ याच कामात जातो. म्हणून वसमतच्या पत्राला सविस्तर उत्तर देते. त्यात बाकीच्यांच्याही अर्ध्या प्रश्नांची उत्तरं सापडतील.

प्रश्न : ताई, आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. हळद आणि सोयाबीनचं काम करतो. ऑफिसात एकच डेस्कटॉप. कंपनीचा जीमेल आयडी एक, शिवाय माझा, अकाउंटंटचा आणि ऑपरेटर पोरीचा असे तीन. लॉगिन करण्यातच दिवस जायलाय म्हणून थंडरबर्ड टाकलं आणि चारी आयडी त्यात जोडले. आता सगळ्यांचे मेल एकाच ठिकाणी दिसायलेत. अकाउंटंटच्या दवाखान्याचा रिपोर्ट सगळ्या ऑफिसानं बघितला. हळदीचं दरपत्रक सांगलीच्या व्यापाऱ्याला गेलं ते पोरीच्या आयडीवरून. त्याचं उत्तर तिच्याकडंच आलं आणि ती रजेवर. काढून टाकावं का हे सगळं?
— सचिव, शेतकरी उत्पादक कंपनी, ता. वसमत, जि. हिंगोली

उत्तर : भाऊ, थंडरबर्ड राहू द्या. फुकट आहे, चांगलं आहे, आणि तुमचं काम त्यानं नीट होईल. फक्त जोडणी नव्यानं करावी लागेल. त्याआधी एक ठरवा. चारपैकी कुठला आयडी कुणाचा, ते कागदावर लिहून काढा. कंपनीचा आयडी कंपनीचा आहे, तो तिघांनाही दिसायला पाहिजे. बाकीचे तीन ज्याचे त्याचे आहेत, ते दुसऱ्या कुणालाही दिसता कामा नयेत. एवढं ठरलं की पुढची सेटिंग त्यावरूनच ठरते.

आत्ता तुमचा संगणक चालू केला की एकच नाव येतं, बहुतेक ‘ॲडमिन’ नाहीतर कंपनीचं, आणि सगळे त्याच नावानं आत जातात. इथंच बदल करायचाय. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’ उघडा, त्यात ‘अदर युजर्स’ असेल. तिथून प्रत्येकाच्या नावाचा वेगळा युजर तयार करा. विंडोज आधी मायक्रोसॉफ्टचा आयडी मागेल. तो द्यायची गरज नाही, ‘या व्यक्तीची साइन-इन माहिती माझ्याकडे नाही’ अशा अर्थाची ओळ खाली असते, तिच्यावर गेलं की साधा युजर तयार करता येतो. तिघांनाही ‘स्टँडर्ड युजर’ ठेवा. ॲडमिन एकच असू द्या आणि त्या नावानं रोजचं काम करू नका.

थंडरबर्ड पुन्हा टाकावं लागत नाही. प्रोग्राम एकदाच बसतो, पण प्रत्येक विंडोज युजरसाठी तो आपली वेगळी फाइल-पेटी तयार करतो. तिला प्रोफाइल म्हणतात. अकाउंटंट आपल्या नावानं आत गेले की त्यांना रिकामं थंडरबर्ड दिसेल. त्यात त्यांनी दोनच आयडी जोडायचे, स्वतःचा आणि कंपनीचा. ऑपरेटर ताईनं तिचा आणि कंपनीचा. तुम्ही तुमचा आणि कंपनीचा. जागेवरून उठताना विंडोजचं बटण आणि एल एकत्र दाबायचं, पडदा कुलूपबंद होतो. ही सवय लागायला थोडे दिवस जातात, पण ती लागल्याशिवाय वरच्या सगळ्या खटाटोपाचा उपयोग नाही.

काही ऑफिसांत मला दाखवतात की आम्ही विंडोजचा युजर एकच ठेवला आणि थंडरबर्डमध्येच प्रत्येकाचं प्रोफाइल वेगळं केलं. तसं करता येतं. विंडोजच्या ‘रन’ नावाच्या चौकटीत थंडरबर्ड डॉट इएक्सई लिहून पुढं एक जागा सोडून वजाचं चिन्ह आणि कॅपिटल पी टाकलं की प्रोफाइल मॅनेजर उघडतो, त्यात नावांची यादी असते. खाली ‘न विचारता निवडलेलं प्रोफाइल वापरा’ अशी एक टिक असते, ती काढली की दर वेळी आधी नाव विचारलं जातं. एकाच माणसाला घरचे आणि धंद्याचे मेल वेगळे ठेवायचे असतील तर ही सोय उत्तम. पण चार माणसांत ती पुरत नाही. खोल्या चार झाल्या, कुलूप एकालाही नाही. यादीतल्या कुठल्याही नावावर कुणीही क्लिक करू शकतो.

मास्टर पासवर्ड असतो ना, असं काही जण विचारतात. त्याला आता प्रायमरी पासवर्ड म्हणतात. तो फक्त साठवलेल्या पासवर्डांचं रक्षण करतो. त्याची चौकट आली आणि कुणी ‘कॅन्सल’ केलं, तर नवीन मेल येणार नाहीत, पण आधी उतरलेले सगळे मेल समोर उघडे असतात. दवाखान्याचा रिपोर्ट त्यातच आला.

आणि हा पासवर्ड लावलेला नसेल तर काय होतं तेही बघून ठेवा. थंडरबर्डच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, त्यात ‘सेव्ह्ड पासवर्ड्स’. यादी उघडते. एका बाजूला सर्व्हरचं नाव, शेजारी मेल आयडी. खालच्या कोपऱ्यात ‘शो पासवर्ड्स’ बटण. ते दाबलं की साठवलेले पासवर्ड साध्या अक्षरांत समोर येतात. गुगलच्या खिडकीतून जोडलेल्या जीमेलच्या ओळीत तुमचा खरा पासवर्ड नसतो, परवानगीची लांबलचक अक्षरमाळ असते. पण तुमच्या एखाद्याचा आयडी साध्या पासवर्डानं जोडलेला असेल तर तो तिथं जसाच्या तसा दिसेल. विंडोजचा युजर वेगळा करा म्हणून मी आग्रह धरते तो यासाठीच.

आता दरपत्रकाचं. थंडरबर्डमध्ये नवीन मेल लिहायला घेताना डावीकडं ज्या आयडीचं फोल्डर निवडलेलं असतं, त्या आयडीवरून मेल जातो. ऑपरेटर ताईच्या इनबॉक्सवर कुणीतरी उभं होतं, तिथूनच ‘न्यू मेसेज’ दाबलं, आणि दरपत्रक तिच्या नावानं गेलं. लिहायच्या खिडकीत सगळ्यात वर ‘फ्रॉम’ची ओळ असते. बाण दाबला की जोडलेले सगळे आयडी खाली उघडतात. पाठवण्याआधी ती ओळ वाचायची. शिवाय ‘अकाउंट सेटिंग्ज’मध्ये कंपनीचा आयडी निवडून ‘सेट ॲज डिफॉल्ट’ करून ठेवा. फोल्डर दाखवण्याच्या पद्धतींत ‘युनिफाइड’ लागलं असेल तर तेही बंद करा, सगळ्यांचे इनबॉक्स एकत्र ओतण्याचं काम तेच करतं.

तिथंच आणखी एक गोष्ट तपासा. प्रत्येक आयडीच्या सेटिंगमध्ये खाली ‘आउटगोइंग सर्व्हर’ लिहिलेला असतो. येणारे मेल आणि जाणारे मेल यांचे सर्व्हर वेगळे असतात. आयडी जोडता-काढताना कंपनीच्या आयडीपुढं ऑपरेटर ताईच्या आयडीचा जाणारा सर्व्हर लागून राहिला, तर ‘फ्रॉम’मध्ये कंपनी निवडली तरी गुगल तिकडून ज्याच्या नावानं लॉगिन झालंय त्याचाच पत्ता लावतं. मग माणूस शपथेवर सांगतो की मी कंपनीचाच आयडी निवडला होता, आणि तो खरं बोलत असतो.

कंपनीचा आयडी तिघांकडं जोडताना ‘आयमॅप’ निवडा, ‘पॉप’ नको. आयमॅपमध्ये मेल गुगलच्या सर्व्हरवर राहतात आणि तिघांनाही तेच दिसतात. पॉपमध्ये मेल उतरवून त्या त्या यंत्रावर ठेवले जातात आणि कुणी काय वाचलं, काय पुसलं याचा दुसऱ्याला पत्ता नसतो. जीमेलसाठी सर्व्हरची नावं आणि आकडे थंडरबर्ड स्वतःच भरतं. तरी लिहून ठेवा. येणाऱ्यासाठी आयमॅप डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट ९९३, एसएसएल. जाणाऱ्यासाठी एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट ४६५ एसएसएल किंवा ५८७ स्टार्टटीएलएस. ऑथेंटिकेशनला ‘ओऑथ२’, म्हणजे गुगलच्याच खिडकीतून लॉगिन.

मग गुगलची लॉगिनची खिडकी उघडेल. वरचा आयडी वाचून मगच पासवर्ड टाका. चार आयडी एकामागून एक जोडताना इथंच गोंधळ होतो. शेवटी गुगल विचारतं की थंडरबर्डला तुमचे सगळे मेल वाचायची, लिहायची, पाठवायची आणि कायमचे पुसायची परवानगी देता का. ती ओळ बघून बरेच जण घाबरून ‘कॅन्सल’ करतात. मेल प्रोग्रामला एवढी परवानगी लागतेच, द्या. खिडकी पुन्हा पुन्हा उघडत राहिली आणि पुढं सरकली नाही, तर थंडरबर्डच्या सेटिंगमध्ये कुकीज बंद असतील, त्या चालू करा.

आयमॅपची एक बाजू तिघांनाही सांगून ठेवा. एकानं पुसलेला मेल तिघांचाही जातो. एकानं वाचला की तो तिघांकडंही वाचलेला दिसतो, ठळक अक्षर जातं, आणि दोघं समजतात तिसऱ्यानं उत्तर दिलंय. व्यापाऱ्याला उत्तर कुणीच देत नाही. म्हणून कंपनीच्या आयडीत ‘उत्तर बाकी’ नावाचं एक फोल्डर तयार करा. जो पहिल्यांदा मेल उघडेल त्यानं उत्तर दिलं नसेल तर तो तिथं टाकायचा. तिघांनाही तेच फोल्डर दिसतं. संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी ते रिकामं आहे का एवढं बघितलं की झालं.

जागेचं बघा. कंपनीचा आयडी तीन युजरांकडं जोडला म्हणजे तेच मेल हार्डडिस्कवर तीनदा उतरतात. ‘सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज’मध्ये अलीकडच्या काही दिवसांचेच मेल उतरवा असं सांगता येतं, ९० दिवस पुरेत. जीमेलच्या सेटिंगमध्ये ‘लेबल्स’ उघडून ‘ऑल मेल’पुढची ‘शो इन आयमॅप’ची टिकही काढा, नाहीतर तोच मेल इनबॉक्समध्ये एकदा आणि ऑल मेलमध्ये परत एकदा उतरतो. तुमच्याकडं वीज मधेच जाते, नेटही जातं. उतरलेले मेल नेट नसतानाही वाचता येतात, हा या प्रोग्रामचा मोठा फायदा.

आता मला सगळ्यात काळजीचं वाटतं ते. कंपनीच्या जीमेलला मोबाइल नंबर कुणाचा जोडलाय? माझा अनुभव असा की तो बहुधा ज्यानं आयडी काढला त्या ऑपरेटरचाच असतो. ऑपरेटर लग्न होऊन नाहीतर दुसरी नोकरी लागून जाते, पासवर्ड विसरतो, ओटीपी तिच्या नंबरवर जातो, आणि तोवर तिनं सिम बदललेलं असतं. जीएसटीचे निरोप, कंपनी खात्याचे निरोप, बँकेचे निरोप, सगळं त्या एका आयडीत. मराठवाड्यात गेल्या काही वर्षांत किती शेतकरी कंपन्या, किती बचत गट उभे राहिले. कागदपत्रं तिजोरीत आणि मेल आयडी एका पोरीच्या मोबाइलवर. कंपनीच्या नावाचं वेगळं सिम घ्या, तो नंबर जोडा, दुसरा रिकव्हरी मेल संचालकांपैकी एकाचा द्या, आणि ठरावाच्या वहीत नोंद करा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डानंतर आणखी एकदा खात्री करणं) चालू करून बॅकअप कोड, म्हणजे मोबाइल हाताशी नसताना चालणारे कोड, छापा आणि शिक्क्यांच्या कपाटात ठेवा.

पासवर्ड तिघांना सांगायचाच नसेल तर जीमेलमध्ये आणखी एक सोय आहे. कंपनीचं जीमेल संगणकाच्या ब्राउझरात उघडून ‘अकाउंट्स’च्या सेटिंगमध्ये ‘ग्रँट ॲक्सेस टू युवर अकाउंट’ असतं. तिथं दुसऱ्याचा जीमेल आयडी घातला की तो माणूस आपल्याच लॉगिनमधून कंपनीचे मेल वाचू आणि पाठवू शकतो, पण पासवर्ड बदलू शकत नाही. साध्या जीमेलला अशी १० माणसं जोडता येतात. माणूस सोडून गेला की यादीतून नाव काढलं, झालं. हे ब्राउझरात चालतं, थंडरबर्डमध्ये नाही. ऑफिसात नेट बरं चालत असेल तर ऑपरेटर ताईसाठी मी हाच मार्ग निवडेन, आणि थंडरबर्डमध्ये कंपनीचा आयडी तुम्ही आणि अकाउंटंट दोघांकडंच ठेवीन.

प्रश्न : निवृत्त शिक्षक आहे. घरी विंडोज ७ चा जुना संगणक असून त्यावर विंडोज लाइव्ह मेल आहे. माझा जीमेल आणि पत्नीचा हॉटमेल असे दोन्ही त्यात वर्षानुवर्षं व्यवस्थित चालत होते. आता पासवर्ड चुकीचा म्हणून सांगतं. तोच पासवर्ड ब्राउझरात चालतो. मुलगा म्हणतो संगणक फेका. फेकावा का?
— सेलू, जि. परभणी

उत्तर : गुरुजी, पासवर्ड तुमचा बरोबर आहे. बदलली ती आत घ्यायची रीत. पूर्वी प्रोग्राम तुमचा पासवर्ड घेऊन थेट सर्व्हरला द्यायचा. गुगलनं साध्या खात्यांसाठी ही पद्धत ३० मे २०२२ पासून बंद केली. आता प्रोग्रामनं गुगलची स्वतःची लॉगिनची खिडकी उघडायची, पासवर्ड तुम्ही गुगललाच द्यायचा, आणि प्रोग्रामला फक्त एक परवानगीपत्र मिळतं. विंडोज लाइव्ह मेलला ही खिडकी उघडता येत नाही. ‘पासवर्ड चुकीचा’ हा त्याचा निरोप दिशाभूल करणारा आहे. कितीतरी लोकांनी त्यावर विश्वास ठेवून चांगले चाललेले पासवर्ड बदलले.

जीमेलसाठी आडवाट आहे. खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावलं की ‘ॲप पासवर्ड’ काढता येतो. १६ अक्षरांचा असतो, चार-चार अक्षरांच्या गटात दिसतो, मधली मोकळी जागा टाकायची गरज नसते. तो जुन्या प्रोग्रामात चालतो. पण लक्षात घ्या, त्या १६ अक्षरांना ओटीपी लागत नाही. कागदावर लिहून संगणकाला चिकटवून ठेवाल तर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात तुमचे सगळे मेल दिल्यासारखं होईल.

ताईंच्या हॉटमेलला ही आडवाटही उरली नाही. मायक्रोसॉफ्टनं १६ सप्टेंबर २०२४ पासून हॉटमेल आणि आउटलुक डॉट कॉमसाठी जुनी पद्धत बंद केली, ॲप पासवर्डसुद्धा चालत नाही. म्हणजे लाइव्ह मेलमध्ये त्यांचं खातं आता जोडलं जाणार नाही.

नवीन थंडरबर्डमध्ये दोन्ही खाती सहज जोडली जातात, पण विंडोज ७ वर चालणारं शेवटचं थंडरबर्ड ११५ होतं. त्या विंडोजला मायक्रोसॉफ्टचे सुरक्षेचे अपडेट जानेवारी २०२० मध्येच थांबले. बँकेचं काम ज्या संगणकावर करता त्यावर ते ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. संगणक मात्र फेकू नका. लिनक्स मिंट फुकट मिळतं, जुन्या यंत्रावर बरं चालतं, आणि थंडरबर्ड त्यात आधीच असतं. तिथंही तुमचा आणि ताईंचा युजर वेगळा करता येतो. बदल करण्याआधी लाइव्ह मेलमधले जुने मेल आणि फोटो पेनड्राइव्हवर काढून घ्या. हे काम जाणकाराला समोर बसवून करून घ्या, संगणक दुकानात सोडून येऊ नका.

प्रश्न : मी लातूरला नीटची तयारी करतो. आमच्या अभ्यासिकेत एक संगणक सगळ्यांसाठी आहे. त्यावर थंडरबर्ड आहे आणि आधीच्या पोरांचे आयडी पण दिसतात. मी पण माझा जोडला. मित्र म्हणतो धोका आहे. खरंय का?
— विद्यार्थी, लातूर

उत्तर : खरंय, आणि आजच काढ. नीटच्या अर्जात तू दिलेल्या मेलवर एनटीएचे निरोप येतात. तो मेल अनोळखी माणसांसमोर उघडा ठेवायचा नाही.

थंडरबर्डमध्ये ‘अकाउंट सेटिंग्ज’, खाली ‘अकाउंट ॲक्शन्स’, त्यात ‘रिमूव्ह अकाउंट’. चौकट आली की ‘रिमूव्ह मेसेज डेटा’वर टिक कर. ती टिक न करता खातं काढलं तर यादीतलं नाव जातं पण उतरलेले मेल फाइलीत तसेच राहतात. मग आपल्या मोबाइलवर गुगल खात्याच्या ‘सिक्युरिटी’मध्ये जा, बाहेरच्या ॲप्सना दिलेल्या परवानग्यांची यादी असते, त्यात थंडरबर्ड शोधून परवानगी रद्द कर. शेवटी पासवर्डही बदल. पासवर्ड बदलला की जीमेल वाचायची आधी दिलेली परवानगीही निकामी होते.

आधीच्या पोरांचे आयडी उघडून बघू नकोस. अभ्यासिका चालवणाऱ्यांना हा अंक दाखव आणि त्यांना ते प्रोफाइलच पुसायला सांग. सार्वजनिक संगणकावर मेलचा प्रोग्राम असूच नये. मेल बघायचाच असेल तर ब्राउझरची गेस्ट किंवा इन्कॉग्निटो खिडकी उघडायची, काम झालं की सगळ्या खिडक्या बंद करायच्या.

प्रश्न : आमचं बियाण्याचं दुकान आहे. स्वतःच्या नावाचं डोमेन घेतलंय, मेल त्याच होस्टिंगवर (भाड्याच्या सर्व्हरवर). दुकानातल्या संगणकावर मी आणि भाऊ दोघं थंडरबर्ड वापरतो. घरून ब्राउझरात वेबमेल उघडलं तर फक्त अलीकडचे मेल दिसतात, पंधरा दिवसांच्या मागचं काहीच नाही. होस्टिंगवाला म्हणतो आमच्याकडून काही पुसलं नाही.
— जालना

उत्तर : होस्टिंगवाला बरोबर सांगतोय. तुमचं खातं पॉपनं जोडलंय. ‘अकाउंट सेटिंग्ज’मध्ये ‘सर्व्हर सेटिंग्ज’ उघडा. ‘लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर’च्या खाली ‘जास्तीत जास्त १४ दिवस’ अशी टिक लागलेली सापडेल. १४ दिवस झाले की थंडरबर्ड सर्व्हरवरची प्रत पुसतं. मेल हरवलेले नाहीत, सगळे दुकानातल्या हार्डडिस्कवर आहेत. फक्त तिथंच आहेत, आणि ती डिस्क गेली तर सगळं गेलं. म्हणून आधी ती टिक काढा.

मग थंडरबर्डच्या ‘हेल्प’मधून ‘ट्रबलशूटिंग इन्फॉर्मेशन’ उघडा, प्रोफाइल फोल्डर कुठं आहे ते कळेल. थंडरबर्ड बंद करून तो अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. हे झाल्याशिवाय पुढं जाऊ नका.

पॉपचं खातं बदलून आयमॅप होत नाही. तोच आयडी आयमॅप म्हणून नव्यानं जोडावा लागतो. युजरनेमच्या जागी नुसतं नाव लिहू नका, ॲटच्या चिन्हासह पूर्ण पत्ता लिहा. होस्टिंगच्या मेलमध्ये बहुतेक जण इथंच अडकतात. सर्व्हरचं नाव होस्टिंगवाल्याकडून लिहून घ्या, पोर्ट ९९३. नवीन खातं चालू झालं की जुन्या खात्यातले मेल निवडून नव्या खात्याच्या फोल्डरात ओढून टाका. ते परत सर्व्हरवर चढतात, मग घरूनही दिसतील. एकदम सगळे नको, महिन्या-महिन्याचे गट करा, नेट मधेच तुटलं तर कुठवर चढले ते कळतं. होस्टिंगवर किती जागा घेतलीय ते आधी विचारा. पेटी भरली की नवीन मेल परत जायला लागतात, आणि पेरणीच्या तोंडावर ते परवडणार नाही.

प्रश्न : आम्ही साप्ताहिक काढतो. ऑफिसचा एक आयडी तिघं वापरतो. बातमीदारांच्या काही मेलमध्ये मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, काहींत नुसती प्रश्नचिन्हं. प्रोग्राममध्ये मराठी फॉन्ट टाकावा लागेल का?
— धाराशिव

उत्तर : तुमच्याकडं दोन वेगळ्या गोष्टी होतायत. इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते ती मजकूर श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केल्यामुळं. त्यात अक्षरं मुळात इंग्रजीच असतात, फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो. मेलमध्ये फॉन्ट उतरत नाही, म्हणून मूळ अक्षरं उघडी पडतात. तुम्ही ती डीटीपीच्या प्रोग्राममध्ये चिकटवून तोच फॉन्ट लावला तर बातमी वाचता येईल. पण बातमीदारांना युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर मराठी मराठीच दिसते त्या पद्धतीत, टाइप करायला लावणं हाच खरा उपाय. त्यांच्या मोबाइलवरचा मराठी कीबोर्ड युनिकोडच लिहितो, जुन्या बातमीदारांना पाहिजे तर बोलून टाइप करायला शिकवा.

प्रश्नचिन्हांचं वेगळं. पाठवणाऱ्याच्या प्रोग्रामनं मराठी अक्षरं वाटेतच टाकून दिली असली तर ती परत येत नाहीत, मेल पुन्हा मागवावा लागतो. पण साध्या प्रश्नचिन्हांऐवजी विचित्र चिन्हं, चौकोनातली प्रश्नचिन्हं दिसत असतील, तर थंडरबर्डच्या ‘व्ह्यू’ मेनूत ‘रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग’ करून बघा, पुष्कळदा मजकूर जागेवर येतो. दोन्हीपैकी कशाचाही फॉन्ट टाकण्याशी संबंध नाही. नागरी अक्षरं दाखवणारे फॉन्ट विंडोजमध्ये आधीपासूनच असतात.